आवाज अक्काचा

वृषाली चौगुले मानसोपचाराच्या पहिल्या भेटीला उपाशीपोटी आली. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण गेले काही आठवडे या इस्पितळात तिच्या ज्या तपासण्या झाल्या त्या बहुतेक उपाशीपोटीच झाल्या होत्या, तेव्हा मनाचीही तशीच होत असणार, असं ती धरून चालली होती. काखेत रिपोर्टांची जाडजूड फाइल होती आणि डोकं चहाविना दुखत होतं.

"अहो, इथं जेवून आलेलं चालतं," डॉ. केतकी शिरगुप्पे हसू दाबत म्हणाली आणि तिनं कँटीनला फोन करून उपीट आणि चहा मागवला. "रडायचं म्हटलं तरी अंगात ताकद लागते की."

"मी कशाला रडतेय?" वृषाली म्हणाली.

केतकी तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान असेल. खोलीत टेबल नव्हतं. दोन खुर्च्या होत्या, खिडकीत तुळस होती आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर पितळी तांब्याएवढं एक यंत्र होतं. पहिल्या भेटीत काय होईल याची माहिती इस्पितळानं फोनवर आधीच पाठवली होती. सैल कपडे घाला, घाई करू नका, कुठलंही उत्तर चूक नसतं, वगैरे. शेवटच्या वाक्याशी वृषालीचं जमलं नव्हतं. तिची सगळी नोकरी कोल्हापुरातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली होती आणि तिथं उत्तर चुकलं की अख्खा टँकर परत जायचा.

भेट का होती ते सांगायला हवं. वृषालीचा धाकटा भाऊ संग्राम मगदूम, राहणार जयसिंगपूर, शेतीपंपांचा दुकानदार, याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तो याच इमारतीत खालच्या मजल्यावर डायलिसिसच्या यंत्राला जोडून पडायचा. प्रयोगशाळेत वाढवलेली किडनी पुढच्या वर्षी बाजारात येणार, असं वर्तमानपत्रं दहा वर्षं छापत होती. ती येईतो आपली बहीणच बरी. वृषाली एक किडनी देणार होती, रक्तगट जुळला होता, बाकी सगळंही जुळलं होतं. फक्त नियम असा होता की दात्यानं मानसोपचारतज्ज्ञाला एकटीनं भेटायचं, आणि ती बाई खुशीनं देतेय, कुणी गळ्यात घातलेलं नाही, याची त्या तज्ज्ञाला खात्री पटली तरच शस्त्रक्रियेची तारीख पक्की व्हायची.

"भावाशी पहिल्यापासूनच एवढं प्रेम?" केतकीनं विचारलं.

"कुठलं? अकरा वर्षं तोंड बघितलं नव्हतं त्याचं."

आणि मग वृषालीनं सांगितलं. उपीट निवून गेलं तरी ती सांगत होती.

आई संग्रामकडे असायची. अंथरुणाला खिळली होती. वृषाली भेटायला यायचं म्हणाली की तो काहीतरी कारण काढायचा, दुकानात माल येणार आहे, रेवतीला बरं नाही. एका संध्याकाळी त्याचा फोन आला की आई पहाटे गेली आणि सकाळी सगळं उरकलं. कोल्हापूर ते जयसिंगपूर गाडीनं कितीसं अंतर आहे! त्यांच्याकडे लेक आल्याशिवाय आईला उचलत नाहीत. परदेशातली लेक असली तरी बर्फात ठेवून वाट बघतात, कारण आईची शेवटची आंघोळ लेकीच्या हातची असते. आणि इथं लेक तासाभराच्या वाटेवर असताना भावानं थांबायचेही कष्ट घेतले नाहीत. त्या दिवसापासून वृषालीनं माहेरचा उंबरा ओलांडला नाही.

"मग?"

"मग गेल्या भाऊबीजेला आला. न सांगता. दारात उभा राहिला आणि म्हणाला, अक्का, आई जाताना तुझंच नाव घेत होती. वृषा आली का, वृषा आली का, करत होती. ते माझ्या कानांतून जाईना, म्हणून तुला तोंड दाखवायचं धाडस झालं नाही." वृषालीनं पदरानं डोळे टिपले. "आता सांगा, एवढं ऐकल्यावर काय राग धरायचा? त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं. आजाराचं तर नंतर कळलं, जेवताना. मीच म्हणाले, माझी घे."

हे तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की शब्द गुळगुळीत झाले होते. पण तिच्यासाठी त्यांची गोडी कमी झाली नव्हती. आईनं जाताना आपल्याला हाक मारली, या एका गोष्टीवर ती गेले दहा महिने सुखानं झोपत होती.

केतकीलाही बरं वाटलं असावं. ती म्हणाली, "छान. आता एक छोटी चाचणी. या यंत्राशी दोन मिनिटं काहीही बोला. आवाजातला ताण मोजतं ते."

वृषालीनं यंत्राला मेथीच्या भाजीची कृती सांगितली. यंत्रावर हिरवा दिवा लागला, मग पिवळा लागला. केतकीनं मांडीवरच्या पडद्यावर पाहिलं आणि सहज बोलून गेली, "अरे, यंत्रानं आवाज ओळखला. तुमचा प्रतिस्वर आहेच की तयार. तुम्ही तर म्हणालात, पहिलीच वेळ."

"कसला प्रतिस्वर?"

केतकीचा चेहरा उतरला. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, आणि नव्या नियमाप्रमाणे तर ते सांगणं तिला भागच होतं.

प्रतिस्वर ही तशी चांगल्या हेतूनं काढलेली वस्तू होती. माणसाचं ज्याच्याशी बिनसलेलं असतं, त्याच्यासमोर बोलताना जीभ टाळ्याला चिकटते. मग मानसोपचारात आधी तालीम करायची. त्या दुसऱ्या माणसाचे जुने ध्वनिसंदेश यंत्राला ऐकवायचे. यंत्र नुसता आवाज उचलत नाही. हा माणूस कुठल्या शब्दाला भडकतो, कुठं गप्प होतो, किती वेळ गप्प राहतो, रागाच्या आधी हसतो का, रडण्याच्या आधी विषय बदलतो का, हे सगळं ते शिकतं. मग तुम्ही त्या आवाजाशी बोलायचं आणि तो आवाज, तो माणूस जे उत्तर देईल, जवळजवळ तेच उत्तर देतो. ऐकवलेलं बोलणं जितकं जास्त आणि जितकं मोकळं, तितका तो अचूक. त्याला एकच मर्यादा होती. माणूस ऐकल्याऐकल्या काय म्हणेल तेवढंच त्याला सांगता यायचं. त्यावर झोप काढून सकाळी काय म्हणेल, हे त्याच्या आवाक्याबाहेर होतं.

सुरुवातीला यासाठी ज्याचा आवाज त्याची परवानगी लागत नसे. मनातल्या मनात कुणाशीही भांडायला परवानगी लागते का, असा युक्तिवाद होता. मग बोंबाबोंब झाली आणि यंदा नियम आला. आपला प्रतिस्वर कुणी केला असेल तर तसं आपल्याला कळवायचं, आणि आपल्या आवाजात जे बोललं गेलं ते आपण ऐकू शकतो. मात्र समोरच्याचं बोलणं हा त्याचा उपचार, ते गुप्तच राहणार.

"कुणी केला?" वृषालीनं विचारलं.

"ते मला सांगता येत नाही."

सांगायची गरजही नव्हती. वृषालीचं मोकळं बोलणं या जगात एकाच माणसाकडे साठलेलं होतं. भावाशी अबोला धरला तरी भावजयीशी तिनं धरला नव्हता. टाइप करायचा तिला कंटाळा, म्हणून स्वयंपाक करता करता ती रेवतीला लांबच लांब ध्वनिसंदेश पाठवायची. त्यांत पापडाचं प्रमाण असायचं, गुडघेदुखी असायची, आणि फिरून फिरून आई असायची. संग्राम समोर आला तर मी काय बोलेन, हे तर तिनं कितीदा तरी, फोडणीच्या आवाजात, ओक्साबोक्शी रडत सांगितलं होतं. शेवटी म्हणायची, ऐकून पुसून टाक गं, त्याच्या कानावर जायला नको. आणि रेवती म्हणायची, टाकलं ओ वन्सं.

"मला ऐकायचंय," वृषाली म्हणाली.

"आज नको. आपण आधी..."

"माझा आवाज आहे ना? मग ऐकवा."

यंत्रातून वृषालीचा आवाज आला. अगदी तिचा, सर्दीनं जरासा बसलेला. समोरून कुणी बोलत असावं तिथं नुसती शांतता होती.

"कोण? ... ठेव फोन. लाज नाही वाटत?"

पुढची तालीम. "आजारी पडलास म्हणून आलास होय? आई आजारी होती तेव्हा माझा नंबर हरवला होता काय?" पुढची. त्यात आवाज नुसताच हसला, आणि वृषालीला ते हसू ओळखू आलं. नवऱ्याशी भांडण शेवटाला आलं की ती असंच हसायची. पुढच्या कित्येक वेळा तिच्या आवाजानं त्याला दारातूनच हाकललं. वृषालीला ऐकताना थोडं बरंसुद्धा वाटलं, खोटं कशाला सांगा.

मग एक तालीम अशी निघाली की तिच्यात आवाज बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा बारीक होता.

"पाठीला? ... हाड दिसत होतं? ... अरे देवा."

शांतता.

"म्हणून थांबला नाहीस? मी आंघोळ घालताना बघितलं असतं म्हणून?"

पुन्हा शांतता. नंतर, दमलेल्या स्वरात: "जा तू आता. ... नाही, रागावले नाही. सांगितलंस ते बरं केलंस. पण आत्ता काही विचारू नकोस. मला वेळ लागेल."

वृषालीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. तिच्या आवाजाला ती गोष्ट माहीत होती आणि तिला नव्हती. आईच्या पाठीला जखमा होत्या, हाडापर्यंत गेलेल्या. म्हणजे कुणी कूस बदलत नव्हतं. म्हणजे ती सडत होती तिथं, आणि आपण इथं दुधाची भेसळ तपासत होतो.

"थांबवू?" केतकीनं विचारलं.

"चालू दे."

पुढची तालीम त्याच आवाजात, पण वेगळीच. "माझं नाव? ... आई माझं नाव घेत होती? ... पुन्हा सांग. संग्राम, पुन्हा सांग रे." आणि मग रडणं, मोठ्यानं, पोटातून आलेलं. "ये आत. ये, बस. ... काय झालंय तुला? ... देईन की. तुला नाही द्यायची तर कुणाला?"

त्यानंतरच्या साऱ्या तालमी हीच तालीम होत्या. त्याला वाक्य सापडलं होतं, आता तो ते घोटून घेत होता. तिचा आवाज दर वेळी त्याच जागी अडखळत होता, त्याच जागी पुन्हा सांग म्हणत होता, त्याच जागी रडत होता. भाऊबीजेला दारात आपण पहिल्यांदा रडलो असं तिला वाटत होतं. तिच्या आधी यंत्रातली तीच कितीदा तरी रडून मोकळी झाली होती आणि भाऊ ऐकत बसला होता, रडू बरोबर जागी येतंय का ते बघत.

"बंद करा," वृषाली म्हणाली. तिला इतकं फसल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं, आई गेल्याचा फोन आला तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान कुणी गोड बोललं नव्हतं.

केतकी खुर्ची जवळ सरकवून बसली. मग म्हणाली, "वृषालीताई, ऐका. तुम्ही नाही म्हणू शकता. मी कागदावर एवढंच लिहीन की वैद्यकीय कारणानं दाता योग्य नाही. खरं कारण भावाला कधीच कळणार नाही. हा तुमचा हक्क आहे."

"त्यानं नुसती किडनी मागून बघितली का कधी? माफी नाही, आई नाही, काही नाही. नुसती किडनी?"

"त्यांची बाजू मला सांगता येत नाही. पण तशा मागणीला जुळणारं उत्तर तुमच्या आवाजात कुठं नाही."

"मग मी मागते." वृषाली यंत्राकडे वळली. स्वतःशी बोलायचं म्हणून तिला क्षणभर संकोच वाटला, परक्या बाईशी बोलताना वाटतो तसा. "संग्रामच्या दोन्ही किडन्या गेल्यात. एक हवी आहे."

यंत्रातली वृषाली उसळलीच. "कधीपासून? ... आणि हे मला आत्ता सांगता होय? त्याच्याशी मी बोलायची नाही, त्याच्या दारात पाय ठेवायची नाही, ते वेगळं. आमचा रक्तगट एकच आहे. कुठं यायचं तेवढं सांगा."

वृषालीला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. केतकीनं उठून पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"हे मात्र माझं आहे," नाक पुसत वृषाली म्हणाली. "लिहा. देते म्हणून लिहा."

"हे यंत्र पहिल्या झटक्यातलं सांगतं. तुम्ही घरी जा, झोपा. पुढच्या आठवड्यात बोलू. आज सही नको."

"पुढच्या आठवड्यातही हेच सांगेन. भाऊ आहे, मरू देऊ काय? पण हिला आत्ता पुसून टाका. माझ्यासमोर."

केतकीनं पडद्यावर बोट ठेवलं. पिवळा दिवा विझला.

खाली डायलिसिसच्या खोलीत संग्राम पलंगावर पडला होता. दंडातून निघालेल्या नळीतून रक्त यंत्रात जात होतं आणि धुऊन परत येत होतं. उशाशी स्टुलावर रेवती बसली होती. वृषालीला बघून ती उठली.

"झालं का ओ वन्सं? काय काय विचारलं?"

"अक्का, बस की," संग्राम म्हणाला. "कशाला उभारलीयास?"

वृषाली बसली नाही. "रेवती, माझे मेसेज तू ह्याला दिलेस?"

रेवतीनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "ह्यांचा जीव जात होता ओ. तुमच्या मनात एवढा राग. तुम्ही नाही म्हणाला असता तर?"

"मी नाही म्हणाले असते, असं तुला कुणी सांगितलं?"

रेवती डोळे पुसत बाहेर गेली. संग्रामला कुठं जाता येत नव्हतं, तो नळीला बांधलेला होता.

"आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या?" वृषालीनं विचारलं.

त्यानं डोळे मिटून घेतले. "अक्का, ते मी तुला सांगणार होतो. पण..."

"पण ते सांगून काम झालं नसतं. तुला वेळ नव्हता. कळलं मला. आता सांग."

तो सांगू लागला. सुरुवातीला शब्द कसे छान जुळलेले येत होते, आणि वृषाली म्हणाली, "तालमीतलं नको." मग तो अडखळला, आणि अडखळत अडखळत बोलला. दुकान नवीन होतं. रेवतीला नववा महिना होता. कामाला ठेवलेली बाई महिन्यात पळाली. आईला कूस बदलायला कुणी नसायचं. पहिली जखम रुपयाएवढी होती. बघू, करू, म्हणता म्हणता वाढली. शेवटी शेवटी खोलीत वास यायचा आणि तो दार लोटून घ्यायचा. "तू आली असतीस, तर तूच आंघोळ घातली असतीस. तू बघितलं असतंस. चार बायका होत्या, त्यांना आईला उताणीच ठेवून वरवर पाणी ओतायला सांगितलं मी. पाठ कुणाला बघू दिली नाही."

वृषालीनं पलंगाची दांडी धरली.

"आणि माझं नाव?"

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"संग्राम. आईनं माझं नाव घेतलं होतं का?"

"नाही अक्का," तो म्हणाला. "शेवटचे दोन दिवस ती कुणालाच ओळखत नव्हती. पाणी मागत होती नुसती."

वृषालीसाठी आई त्या क्षणी गेली. जवळजवळ बारा वर्षांपूर्वी गेली ती फोनवर गेली होती. गेले दहा महिने, वृषा आली का म्हणत, ती परत आल्यासारखी झाली होती. आता ती खरंच गेली, पाणी मागत, बंद दाराआड, पाठ फाटलेली. आणि तिला धरून ठेवायला वृषालीकडे एक वाक्यसुद्धा उरलं नाही.

संग्राम रडत होता. एक हात नळीत अडकलेला, म्हणून त्याला नीट रडताही येत नव्हतं. "नको देऊस तू आता. मी सांगतो त्यांना. मला तोंडच नाही मागायला."

"मी वर सांगून आलेय, देते म्हणून. पुढच्या आठवड्यात सहीही करीन." तिचा आवाज तिला वाटला त्याहून सपाट निघाला. "किडनी मिळेल तुला. मूर्खा, तेवढीच एक गोष्ट तू मागून बघितली नाहीस. आणि तेवढीच नुसती मागून मिळत होती."

त्यानं चेहरा तिच्याकडे वळवला. त्याच्या ओठांवर पुढचं वाक्य दोनदा येऊन परत गेलं.

"आणि माफ? माफ करशील काय अक्का?"

वृषालीनं त्याच्याकडे बघितलं. लहानपणी ताप आला की तो असाच दिसायचा, ओठ फुटलेले, कान लाल झालेले. तिनं मनात उत्तर शोधलं. हो सापडलं नाही, नाहीही सापडलं नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आणि या वेळी तुलाही आधी कळणार नाही."